बिनमिठाचं ताक

सोलापूरच्या माणसाला समुद्राकाठानं पळायचं असेल तर आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन काढावं लागतं. तो खटाटोप मला नको होता. आपल्याच जिल्ह्यात उजनी धरणाचं पाणी आहे, आणि करमाळ्याच्या बाजूला ते इतकं लांबरुंद पसरलंय की हिवाळ्यात सकाळी पलीकडचा काठ दिसत नाही. वारं सुटलं की लाटा येतात, लहान का असेनात. काठाला शिंपले सापडतात. होड्या आहेत, जाळी आहेत, माशांचा वास आहे. फरक एवढाच की पाणी खारट नाही, आणि खारट तर मला डॉक्टरांनी तसंही बंद केलेलं होतं.

त्या गोष्टीला वर्ष होऊन गेलं होतं. एका सकाळी मी पळून आलो, बूट काढायला पायरीवर बसलो आणि मला उठताच येईना. मग दवाखाना, मग स्टेंट. कितीतरी वर्षं मी रोज पळत होतो, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "रोज पळणाऱ्याला हार्टॲटॅक येतोच कसा?" विचारण्याचा सूर असा, की मी त्यांना काहीतरी खोटं सांगून फसवलंय. कॉलेजच्या ऑफिसातली माझी नोकरी संपायला तेव्हा थोडे महिने उरले होते. ते मी घरीच काढले.

घरी म्हणजे बायकोच्या नजरेखाली. बाथरूमची कडी लावायची नाही, असा नियम झाला. गच्चीवर गेलो की दहा मिनिटांत खालून हाक. रात्री कधी जाग आली तर ही उशीवरून मान उचलून माझा श्वास ऐकत असायची, आणि मी डोळे उघडले की झोपल्याचं सोंग करायची. ती चिडचिड करत नव्हती, रडत नव्हती. फक्त बघत होती. वर्षभर मला कुणी तासभरसुद्धा एकटं सोडलेलं नव्हतं. सगळे माझ्या काळजीनंच करत होते, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून पळायला परवानगी दिली. पळणं कमी, चालणं जास्त, आणि वेग असा की पळता पळता बोलता आलं पाहिजे. एकटा माणूस कुणाशी बोलणार? मी रेल्वेची स्टेशनं म्हणायचो. बाळे, पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ, मलिकपेठ, अनगर, वाकाव, माढा. कुर्डुवाडीपर्यंत दम न लागता पोचलो की वेग बरोबर. बायकोचं माहेर जेऊरचं, त्यामुळे जेऊरपर्यंतची स्टेशनं मला लग्न झाल्यापासून पाठ आहेत.

मग मी म्हणालो, मला उजनीच्या काठानं दोन दिवस पळायचंय, एकट्यानं. जिंकायचं काही नव्हतं. मला एक दिवस असा हवा होता की ज्यात मी आणि माझं हृदय, तिसरं कुणी नाही. ते अजून माझं आहे की नाही, हे मला कुणी शेजारी उभं नसताना बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी बायको पोळ्या करता करता म्हणाली, "जेऊरच्या बाजूनं पळा. मी माहेरी राहीन." तिच्या अटी तीन: फोन खिशात पाहिजे, औषधं वेळेवर, आणि छातीत जरा काही वाटलं तर जी गाडी दिसेल तिच्यावर बसून परत यायचं. माझी अट एकच: कुणी मागं मागं यायचं नाही आणि कुणी फोन करायचा नाही. "नाही करणार," ती म्हणाली. इतक्या सहज कबूल झाली याचंच मला नवल वाटायला हवं होतं.

जेऊरला माझा मेहुणा, तिचा धाकटा भाऊ, शेतीच्या मोटारी दुरुस्त करतो. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी भरायचं काम. काठावरच्या गावांमधली जवळजवळ प्रत्येक मोटार कधी ना कधी त्याच्या दुकानात उलटी पडून गेलेली असते. जानेवारी सरत आला होता, थंडी होती. त्यानं मला मोटारसायकलवर पाण्यापर्यंत सोडलं, पाण्याची बाटली दिली, "दाजी, सावकाश जावा," म्हणाला आणि मागं न बघता निघून गेला. मला तो शहाणा वाटला.

त्यानंतर दिवसभरात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

धुकं होतं, ते विरळ झालं. काठाची माती काळी, वरून वाळलेली आणि आत ओली. पाय टाकला की हळूच आत जातो. पाणी मागं सरकलंय तिथं लोकांनी हरभरा टाकला होता. त्याच्या वर ऊस, त्याच्या वर केळीच्या बागा. उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज लांबून यायचा. पाण्यात कडेला बगळे उभे असायचे आणि मी जवळ आलो की उडून पुढं जाऊन बसायचे, मी पुन्हा जवळ गेलो की पुन्हा उडायचे. त्यांना मागं उडून जायचं सुचत नव्हतं. बराच वेळ आम्ही बरोबर होतो.

या काठानं पळणं म्हणजे पाइप ओलांडणं. पाण्याच्या कडेला ज्याची त्याची मोटार ठेवलेली असते, तिथून पाइप आणि केबल वर शेतात गेलेली. पाणी उन्हाळ्याकडे मागं सरकत जातं, तशी मोटार पुढं न्यायची, पाइपला पाइप जोडायचा, केबल वाढवायची. पाणी निघालं की त्याच्या मागं मागं जायचं, असं ते काम असतं. मी पाइपवरून उडी मारायचो नाही, थांबून पाय उचलून टाकायचो. त्यात काही लाज नाही असं मी ठरवलं होतं.

ऊन वर आल्यावर एका मोटारीपाशी एक बाई उभी होती. हातात तांब्या. मी जवळ गेल्यावर म्हणाली, "ताक घ्या की पावनं." आपल्याकडं वाटेनं जाणाऱ्याला कुणीही असं म्हणतं, त्यात काही विशेष नाही. मी उभ्यानं प्यालो. ताक गोड होतं, घट्ट होतं आणि त्यात मीठ नव्हतं. कणभरही नव्हतं. मी म्हणालो, "मीठ विसरलात वाटतं." ती म्हणाली, "असंच बरं असतंय उनाचं." उन्हाचं ताक बिनमिठाचं बरं असतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. पण माझ्या पथ्याला ते बरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

पुढं दोनदा मोटारसायकली थांबल्या. "बसा की, सोडतो," म्हणाले. मी नको म्हटल्यावर एक जण माझ्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "घाम लई आलाय न्हवं?" पळणाऱ्याला घाम येतो, असं मी सांगितलं. "व्हय, त्येबी खरंच हाय," म्हणून तो गेला. खेड्यातल्या माणसाला चौकशीची भारी हौस, असं मनाशी म्हणून मी पुढं निघालो.

केळीच्या बागेत घड उतरवायचं काम चाललं होतं. त्यातल्या म्हाताऱ्यानं मला बांधावर बसवलंच. न्याहारीची वेळ होती. ज्वारीची भाकरी, दही, वाफवलेली मेथी. भाकरी सुरेख होती, पण मेथी अळणी. शिवाय त्याच्या पाठीमागं डब्यात शेंगाची चटणी होती, मला ती स्पष्ट दिसत होती, आणि त्यानं ती पुढं केली नाही. सोलापूर जिल्ह्यातला माणूस पाहुण्याला भाकरी देतो आणि चटणी देत नाही! पानात मीठ विसरेल, पाणी द्यायला विसरेल, पण चटणी विसरणार नाही. मला वाटलं, म्हातारा चिक्कू असावा. नाहीतर चटणी थोडी असेल आणि गडी जास्त. मी त्याला मनातल्या मनात माफ केलं आणि उठलो. त्यानं मला जाताना चार केळी दिली, त्यामुळे चिक्कूपणाचा हिशेब नीट जुळेना.

बारानंतर काठ बदलला. शेती संपली. वनखात्याचं रान सुरू झालं. खडक, मुरूम, कुसळी गवत, बाभळी. इथं मोटार नाही, पाइप नाही, केबल नाही. माणूसही नाही. फोनची रेंज गेली ते माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मी बघितलंच नाही.

त्या पट्ट्याबद्दल लिहायचं तर तिथं तर आणखीच काही झालं नाही. मी पळालो, चाललो, पुन्हा पळालो. स्टेशनं मोठ्यानं म्हटली, अगदी ओरडून म्हटली, कारण ऐकायला कुणी नव्हतं. जेऊर आलं तरी दम लागला नाही, म्हणून उलट सोलापूरपर्यंत म्हणत आलो. पाण्याकडेच्या एका बाभळीखाली बूट काढून बसलो, पाय पाण्यात सोडले. बारीक मासे येऊन टाचेला तोंड लावून गेले. मी मनगटावर बोटं ठेवली. ठोके सरळ पडत होते, एकामागून एक, कुणी बघत नसतानाही. मला फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा मी स्वतःला आजारी माणूस समजत नव्हतो. खरं तर तिथून अर्ध्या तासात निघायला हरकत नव्हती. मी ऊन कलेपर्यंत बसलो, थोडा डोळाही लागला.

रान संपलं तिथं पहिल्या मोटारीपाशी एक माणूस उभा होता. माझ्याच दिशेनं तोंड करून, डोळ्यांवर आडवा हात धरून. मी दिसल्याबरोबर तो ओरडला, "आलं! आलं की!" आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे तो ओरडला ते स्वतःलाच. धावत जाऊन बादलीतला तांब्या घेऊन आला.

"घ्या दाजी. ताक घ्या. मीठ न्हाय घातल्यालं."

मला दाजी म्हणणारा माणूस जगात एकच आहे. मी तांब्या हातात घेतला, पण प्यालो नाही. तोपर्यंत त्यानं माझ्याकडं पाठ करून फोन कानाला लावला होता. पाठ केली की ऐकू येत नाही, अशी त्याची समजूत असावी.

"आलं हितं. व्हय, आत्ता. व्हय की, सोताच्या पायानं. न्हाय न्हाय, तोंड बरं हाय, हसतंय. ताईस्नी सांग, जेव म्हणावं आता."

मग सगळं आपोआप सरळ झालं. ताकवाली बाई, घामाची चौकशी करणारा गडी, चटणी लपवणारा म्हातारा. सगळी माझ्या मेहुण्याची गिऱ्हाइकं. काठावर जिथं जिथं मोटार होती तिथं तिथं त्याच्या ओळखीचा माणूस होता, आणि प्रत्येकानं मी गेल्यावर पाठ करून फोन लावला होता. कुणी माझ्या मागं आलं नव्हतं. कुणी मला फोन केला नव्हता. माझी अट सगळ्यांनी तंतोतंत पाळली होती.

मला राग आला. चांगलाच आला. दिवसभर एकटा पळतोय म्हणून मी जो काय मनात फुगलो होतो, त्यातली हवा गेली. त्या माणसाला मी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" तो बिचारा गडबडला. "कुटं काय? कोन न्हाय," म्हणाला, आणि मग राहवेना म्हणून म्हणाला, "आवो, जावई मानूस तुमी. आमच्या काठानं उपाशी कसं जाऊ द्याचं? आनि मीठ चालत न्हाय म्हनं तुमाला." मी ताक प्यालो. चिडलेल्या माणसालाही तहान लागते.

राहिलेलं अंतर मी रागात कापलं, आणि रागात वेग वाढतो म्हणून मधून मधून मुद्दाम चाललो. प्रत्येक मोटारीपाशी आता मला माणूस दिसत होता. एक जण केबल गुंडाळायचं नाटक करत होता, ती केबल मघाशीच गुंडाळलेली होती. ठरल्या ठिकाणी मेहुणा मोटारसायकल लावून उभा होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, समजायचं ते समजला आणि गाडीला किक मारली.

रस्त्यानं मी वाक्यं तयार करत होतो. मी लहान मूल नाही. मी एक दिवस मागितला होता तोही दिला नाहीत. वगैरे. चांगली खणखणीत वाक्यं होती.

घरात शिरलो तेव्हा बायको आत होती. मेहुण्याच्या बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वन्सं आत्ता जेवल्या. चार वाजून गेल्यावर. दुपारी ताट केलं तर हात लावला न्हाई. एका माणसानं सांगितलं, रानात गेलं म्हणून, आनि मग पुढच्याचा फोनच येईना. ह्ये दुकान सोडून मोटारसायकलवर बसलं हुतं तिकडं जायला, तर यांनीच आडवलं. म्हणल्या, त्यांना शब्द दिलाय, मागं जायचं न्हाई. आनि सोता दारात उभ्या. कवाधरनं बसा म्हणतोय आमी, बसल्या न्हाईत."

मी पाय धूत होतो. डाव्या टाचेला अजून त्या पाण्यातला चिखल होता. तो निघेपर्यंत मी वाकूनच राहिलो.

बायको बाहेर आली. माझ्याकडं नेहमीसारखं बघितलं, आधी ओठांचा रंग, मग डोळे. "दमलात का?" म्हणाली.

"नाही."

"काय झालं दिवसभरात?"

तिला सगळं माहीत होतं. मी किती ताक प्यालो, कुठं घाम पुसला, हेही माहीत होतं. तरी मी पहिल्यापासून सांगितलं, बगळ्यांचंसुद्धा, आणि ती पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकत राहिली. चटणीचं सांगितल्यावर मेहुणा मान खाली घालून हसला. तयार केलेली वाक्यं मला एकही आठवेना.

मी रानापाशी आलो. तिथं तिनं मला मध्येच थांबवलं.

"तितं काय केलंत एवढा वेळ?" माहेरी आली की तिच्या तोंडात तितं, हितं येतं.

"काही नाही. बाभळीखाली बसलो होतो. पाय पाण्यात सोडून."

"बरं वाटत नव्हतं म्हणून?"

"नाही. बरं वाटत होतं म्हणून."

तिच्या चेहऱ्याकडं बघताना मला कळलं की दिवसातले माझे सगळ्यात सुखाचे तास तिनं दाराची चौकट धरून काढलेत. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि मला मासे दिसत होते.

"स्टेशनं म्हटली?" तिनं विचारलं.

"म्हटली. जेऊरपर्यंत. आणि परत सोलापूरपर्यंत."

"दम?"

"नाही लागला."

तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसले, आणि म्हणाली, "मग झालं तर. उद्या जायचंय ना? शर्ट धुवून टाकते." उठून मोरीकडं गेली. त्या रात्री ती आडवी झाल्या झाल्या झोपली. मी बराच वेळ जागा होतो. तिनं एकदाही मान उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं मला आदल्या संध्याकाळी जिथून घेतलं होतं तिथं सोडलं. तेच धुकं, तीच काळी माती. आजच्या वाटेवर पुढं पुन्हा मोकळं रान आहे, असं तो जाताना म्हणाला होता. रान सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या मोटारीपाशी एक बाई भारा बांधत होती. मी लांबून येताना दिसलो तशी ती खाली बघून भारा जास्तच आवळायला लागली. मी तिच्यापाशी जाऊन थांबलो. ताक नको म्हणालो.

"फोन आहे ना तुमच्याकडं?"

ती घाबरून माझ्याकडं बघत राहिली.

"जेऊरला लावा," मी म्हणालो. "मी आता रानात शिरतोय म्हणावं. आत बसणार आहे बाभळीखाली थोडा वेळ. मला बरं वाटतंय. तिला जेवून घ्यायला सांगा."